डोंगरातली नोकरी आणि कडेवरची लेकरं

जावळी, महाबळेश्वर किंवा पाटण तालुक्यात आरोग्य खात्याच्या नोकरीवर जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते पगाराची, दुसरी शाळेची. आम्ही दोघंही याच खात्यातले, एक अधिपरिचारिका आणि एक औषध निर्माण अधिकारी. सोबत एक चार वर्षांचं मूल आणि एक तान्हं बाळ. आम्हीही हाच क्रम लावला होता आणि तो चुकीचा होता. पहिला प्रश्न जुलैतल्या रात्रीचा असतो. दोन वाजता आरोग्य केंद्रातून फोन आला तर लेकरांजवळ कोण थांबणार, आणि घाट बंद असेल तर दुसऱ्या कुठल्या वाटेनं खाली उतरता येईल? या दोन्हींचं उत्तर मिळालं की मगच पगार, घर आणि शाळा यांच्याकडं वळावं.

जाहिरातीत नुसतं ‘जिल्हा सातारा’ लिहिलेलं असतं, त्यावरून काहीच कळत नाही. ११ तालुक्यांपैकी महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि वाई-सातारा तालुक्यांची पश्चिमेकडची कड हा खरा डोंगराचा भाग. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात लोक टँकरची वाट बघत असतात. डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० ला एक उपकेंद्र असा निकष आहे. मैदानात हेच आकडे ३०,००० आणि ५,००० आहेत. आकडा लहान दिसतो म्हणून काम कमी असेल असं कुणी समजू नये. ती तीन हजार माणसं डोंगराच्या सोंडांवर वस्त्या-वस्त्यांत विखुरलेली असतात आणि शेवटच्या धनगरवाड्यापर्यंत गाडी जात नाही.

ठिकाण निवडायची संधी मिळाली तर नकाशावर दोन रस्ते शोधावेत. कोयनानगरच्या बाजूला पाटणवरून कराडला उतरता येतं आणि कुंभार्ली घाटानं चिपळूणलाही. महाबळेश्वरहून तीन वाटा आहेत: पाचगणी-पसरणी घाटानं वाई, केळघरवरून मेढा-सातारा, आणि आंबेनळी घाटानं पोलादपूर. तापोळ्याहून मात्र गाडीरस्ता वर महाबळेश्वरला चढतो आणि मगच खाली येतो, नाहीतर लाँचनं कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून बामणोली गाठायची आणि कासवरून साताऱ्यात उतरायचं. वारा-पाऊस जोराचा असला की लाँच सुटत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला, आंबेनळी घाट खचला आणि बराच काळ बंद राहिला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथं दरडी घरांवर आल्या. तेव्हापासून अंतर किती किलोमीटर हे आम्ही विचारतच नाही. पावसात रात्री रुग्णवाहिकेला साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा कराडला पोचायला किती वेळ लागतो, हे तिथल्या चालकाला विचारायचं. चालक खरं सांगतो. गेल्या दोन पावसाळ्यांत रस्ता किती दिवस बंद होता तेही त्याच्या लक्षात असतं.

आदेशाचा कागद नीट वाचावा. कायम नोकरी आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी नोकरी यांत मोठा फरक आहे आणि घर हलवताना तो फार जाणवतो. अभियानात एकत्रित मानधन मिळतं, घरभाडे भत्ता वेगळा नसतो. करार वर्षभराच्या आतला असतो आणि मध्ये खंड देऊन नवा आदेश काढतात. उपकेंद्र सांभाळणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या मानधनाचे निश्चित आणि कामगिरीवर आधारित असे दोन भाग असतात. घराचा हप्ता किंवा भाडं निश्चित भागातूनच भागलं पाहिजे, कारण दुसऱ्या भागाला कधी उशीर होतो, कधी कात्री लागते. कायम नोकरीत सरकारी क्वार्टर घेतलं की घरभाडे भत्ता बंद होतो. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहण्याची अट असते, त्यामुळे साताऱ्यात घर करून रोज घाट चढायचा विचार मनातून काढून टाकावा.

दोघांपैकी एकाचाच आदेश हातात असेल तर दुसऱ्यानं शहरातल्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. दुसरी जागा निघून भरती पूर्ण व्हायला सहा महिने ते वर्ष सहज जातं. तोपर्यंत खासगीत काय आहे ते बघावं. पाचगणीच्या निवासी शाळांना आजारी मुलांच्या खोलीसाठी राहती परिचारिका लागते. तिथं राहायची खोली आणि स्वतःच्या मुलाच्या फीमध्ये सवलत मिळते का, हे पहिल्याच बोलण्यात विचारावं. पाचगणीचं बेल-एअर आणि वाईचं मिशन हॉस्पिटल ही जुनी नावं आहेत, वाईत लहान खासगी दवाखानेही बरेच आहेत. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं, नर्सिंग किंवा फार्मसी परिषदेची नोंदणी (तिची मुदत तपासून घ्यावी, नूतनीकरण राहिलेलं असेल तर रुजू होणं अडतं), वैद्यकीय योग्यतेचा दाखला, चारित्र्य पडताळणी, आधार, बँक पासबुक आणि आठ फोटो बरोबर ठेवावेत. मूळ कागदांना लॅमिनेशन करू नये, शिक्का-सही तपासताना अडचण येते. पावसाळ्यात ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावेत.

आता ड्युटीचा विषय. लहान मुलं असलेल्या जोडप्याचं डोंगरातलं बस्तान याच एका कारणानं मोडलेलं आम्ही सर्वांत जास्त वेळा पाहिलंय.

दोघं एकाच केंद्रात असाल तर रात्रीची जबाबदारी एकाच दिवशी दोघांवर येऊ नये, अशी लेखी विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांकडं द्यावी. तोंडी ठरलेलं महिनाभर टिकतं. नंतर कुणी रजेवर गेलं की विसरलं जातं. वेगवेगळ्या ठिकाणी असाल तर ज्याला रात्रीचे फोन जास्त येतात त्याच्या केंद्राजवळ घर घ्यावं, चालत पाच मिनिटांत जाता येईल इतकं जवळ. दुसऱ्यानं दिवसा प्रवास करावा. रात्रीच्या फोनचा हिशोब असा असतो: बाळंतपण केंद्रातच झालं तर चार ते सहा तास, गुंतागुंत वाटून वर पाठवायचं ठरलं आणि सिस्टरला १०२ च्या रुग्णवाहिकेत बरोबर जावं लागलं तर जाणं, तिथं ताब्यात देणं आणि परत येणं धरून सकाळ उजाडते. म्हणजे रात्री दोनला गेलेली आई सकाळी आठला येईल. बाप तेव्हा लसीकरणाच्या सत्राला निघायच्या घाईत असतो. दोघांत हे बसत नाही, घरात तिसरं मोठं माणूस लागतंच.

आजी येऊ शकत असतील तर उत्तम, पण त्यांच्यासाठी वेगळी तयारी लागते. दाराला उंच पायऱ्या नकोत, संडास घरातच हवा, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणलेल्या हव्यात. गरम पाण्याची पिशवीही हवी, कारण ओल्या गारठ्यात गुडघे धरतात. आजी नसतील तर गावातल्या एखाद्या मावशींना धरायचं. पाळणाघर हा प्रकार इथं नाही, अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला सकाळचे काही तास सांभाळते. मावशी बहुतेक वेळा आशाताईंच्या ओळखीनं मिळतात आणि मायेनं सांभाळतात. एक गोष्ट मात्र आधीच बोलून घ्यावी. जुलैत भाताची लावणी सुरू झाली की त्या पंधरा-वीस दिवस येणार नाहीत. त्यांचं वर्षाचं पोट त्या खाचरात असतं, त्यांना अडवणं योग्यही नाही. नेमके तेच दिवस पावसाचे, तापाचे, सापाचे आणि आपल्या धावपळीचे. त्या पंधरवड्यासाठी माहेरचं कुणी, बहीण किंवा नणंद, मे महिन्यातच ठरवून ठेवावी. ते जमत नसेल तर दोघांपैकी एकानं अर्जित रजा तेव्हा घ्यावी, दिवाळीला घेऊ नये. गणपतीतही असंच होतं. मुंबईकर गावी येतात, मावशींच्या घरी दहा माणसं वाढतात आणि त्या सुट्टी मागतात.

मावशींना पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी दाखवून ठेवाव्यात: बाळाचं दूध कुठं आणि किती, ताप मोजायचा कसा, केंद्राचा फोन कुठला, आणि श्वास मोजायचा कसा. शेवटचं अवघड वाटतं, पण मोबाइलवर एक मिनिट लावून पोटाची हालचाल मोजायला कुणीही शिकतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर ड्युटी कुणाचीही असो, लगेच फोन करायचा. आम्ही हे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवले.

घराचे दोनच पर्याय असतात, सरकारी क्वार्टर किंवा मुंबईकराचं बंद घर. क्वार्टर घेताना चावी हातात आली म्हणून लगेच सामान टाकू नये. छतावर चढून बघावं. स्लॅबला उतार आहे का, पन्हाळी तुंबल्यात का, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, मीटरला अर्थिंग आहे का. दुरुस्तीचा अर्ज एप्रिलमध्येच द्यावा. रुग्ण कल्याण समितीचा निधी तुटपुंजा असतो आणि मंजुरीला वेळ लागतो. आम्ही मेच्या शेवटी अर्ज दिला आणि पहिला पाऊस पाळण्याच्या वर गळला.

मुंबईकराचं घर बहुतेक वेळा क्वार्टरपेक्षा चांगलं असतं. जावळी-पाटणच्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं मुंबईत माथाडी कामात किंवा छोट्या-मोठ्या नोकरीत आहेत. त्यांनी गावी पक्की घरं बांधलीत आणि ती वर्षातले दहा महिने कुलपात असतात. भाडं कमी सांगतात. पण मालक गणपतीला, गावच्या यात्रेला आणि मे महिन्यात येणार, आणि तेव्हा त्याला देवघराची खोली हवी असते. कुठली खोली त्याची, किती दिवस, स्वयंपाकघर एक की दोन, हे करारात लिहून घ्यावं. भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला असणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. गावात कुणी तसं करत नाही, तरी आपण करावं. पुढं पत्ता बदलायला, गॅसला, बँकेला तोच कागद उपयोगी पडतो. घर विकत घेण्याची घाई तर मुळीच करू नये. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामाला कडक बंधनं आहेत. शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं.

घर शक्यतो पाऊस चालू असताना बघावं. उन्हाळ्यात सगळीच घरं छान दिसतात. पावसात बघता आलं नाही तर भिंती बघाव्यात. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीवर जमिनीपासून कंबरेपर्यंत पोपडे धरलेले असतील तर ती भिंत पावसात ओल पाझरणार. वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस, इथले लोक त्याला झड म्हणतात, भिंतीत शिरतो. त्यासाठी पावसाच्या तोंडावर त्या बाजूला गवताचा, पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा आडोसा बांधतात. शेजारचे घरमालक ते करताना दिसले की आपल्या घरालाही त्याच दिवशी करून घ्यावा. ऑइल पेंट मारलेली भिंत आतून ओलावा धरते आणि रंगाला फुगे येतात. चुन्याची सफेदी ओल बाहेर जाऊ देते, बुरशीही कमी धरते. घराच्या मागं डोंगर कापून केलेली उभी कड असेल, तिच्यावर ताजी माती दिसत असेल, झाडं तिरकी झालेली असतील किंवा नेहमीचा झरा एकाएकी गढूळ झाला असेल, तर ते घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये. मागच्या कडेपासून पुरेसं अंतर आणि पाणी वळवायला चर असावी.

सामान कमी आणावं. गावातल्या बोळात आयशर वळत नाही; पिकअपच्या दोन खेपा करणं एका मोठ्या ट्रकपेक्षा सोपं जातं, आणि घाटात उंच रचलेला माल झाडाच्या फांदीला लागत नाही. प्लायवूडचं कपाट आणू नये. दुसऱ्या पावसाळ्यात दारं फुगून बसतात. लोखंडी कपाट चालतं, त्यात १५ वॉटचा छोटा पिवळा दिवा दिवसातून दोन-तीन तास लावला की कपड्यांना बुरशी येत नाही. दिवा कापडापासून वीतभर दूर हवा. कापसाच्या गाद्या ओल धरतात, काथ्याच्या किंवा फोमच्या आणाव्यात आणि पलंग भिंतीपासून वीतभर सोडून ठेवावा. जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्यालाच चावते. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असली की मच्छर आणि साप दोन्हींची काळजी मिटते. बूट झटकून घालायची सवय चार वर्षांच्या मुलालाही आठवड्यात लागते. घाटाखाली महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्याचा फायदा डोंगराच्या या बाजूलाही मोठा आहे. रुजू झाल्या दिवशी केंद्रात सर्पदंशाची लस (प्रतिविष) आणि प्राझोसिन किती आहे, मुदत कधीपर्यंत, ते बघून घ्यावं. हे काम नोकरीचं आहे, पण ज्यांची मुलं त्याच गावात अनवाणी खेळणार आहेत त्यांनी ते पहिल्या तासात करावं.

कपड्यांचा हिशोब वेगळा लागतो. आषाढात कपडा वाळायला तीन दिवस जातात. तान्ह्याला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात, म्हणजे निदान ४० हवेत. शाळेचा गणवेश तीन जोड. दोरी स्वयंपाकघराच्या आढ्याला, गॅसपासून दूर. कपडे वाळवायला कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवणं जिवावर बेतणारं आहे. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपलेलं माणूस झोपलेलंच राहतं. शेगडी पडवीत ठेवावी, तिथंच कपडे फिरवावेत.

वीज जाते तेव्हा कधी दोन तास, कधी तीन दिवस. डीपीवर झाड पडलं आणि रस्ताही बंद असला तर वायरमन येणार तरी कुठून? १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी, १२ व्होल्ट, कागदावर १,८०० वॉट-तास. प्रत्यक्षात १,१०० च्या आसपास हाताशी येतात. नऊ वॉटचे तीन दिवे आणि दहा वॉटचा राउटर, फोनचं चार्जिंग धरून ५० वॉट पकडले तर २० ते २२ तास चालतं. फ्रिज त्यावर लावू नये. नेब्युलायझर १५० वॉटचा असला तरी दहा मिनिटांत २५ वॉट-तासच खातो, म्हणून दमा किंवा घरघर असलेलं मूल घरात असेल तर नेब्युलायझर नक्की असावा. सोलर पॅनेल जुलैत जवळजवळ निरुपयोगी ठरतं. मोबाइलची रेंज घर घेण्याआधी स्वतः तपासावी, प्रत्येक कंपनीचं सिम घेऊन, घरातल्या सगळ्या कोपऱ्यांत. रात्रीचा फोन लागलाच नाही तर आपण मुख्यालयी असून नसल्यासारखे.

पाण्याचं उलटं असतं. पावसाळ्यात गढूळ, आणि इतका पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये टंचाई, कारण कातळावरून सगळं पाणी वाहून जातं. झऱ्याच्या नळाचं पाणी जूनच्या पहिल्या पावसात लाल येतं. ते तुरटी फिरवून निवळू द्यायचं, मग टाकी शुद्ध करायची. १,००० लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे एक चहाचा चमचा. ती थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून अर्धा तास ठेवायची, चुना तळाला बसला की वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि आणखी अर्ध्या तासानं वापर सुरू करायचा. पावडरीचं पाकीट फोडून ठेवलं की ओल्या हवेत तिची ताकद जाते, म्हणून छोटी पाकिटं घ्यावीत. बाळाचं पाणी याशिवाय उकळून.

किराणा जूनच्या आत भरावा, अडीच महिन्यांचा. चार माणसांना तांदूळ २५ किलो, गहू-ज्वारी मिळून ३० किलो, डाळी आठ किलो, तेल आठ लिटर असा अंदाज आम्हाला पुरतो. ज्वारी माण-खटावकडची घ्यावी, ती टिकते. धान्य अख्खं ठेवावं. पिठाच्या गुठळ्या होतात आणि मुंग्या लागतात, पण वीज नसली की गिरणीही बंद, म्हणून दहा दिवसांचं पीठ हाताशी असावं. गॅसची जोडणी हलवताना जुन्या वितरकाकडं सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं, शेगडी आपली. नव्या ठिकाणी दोन सिलिंडरांचीच जोडणी मागावी; गाडी वस्तीपर्यंत येत नाही आणि पावसात तर मुख्य रस्त्यालाही वेळेवर येत नाही. घरच्या औषधांच्या डब्यात क्षारसंजीवनी, झिंक, मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि थर्मामीटर असावा. हे सगळं बाजारातून विकत आणावं. केंद्राच्या साठ्यातली एक पट्टीसुद्धा घरी येऊ देऊ नये. लहान गावात कुणाच्या घरात काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं, आणि नोंदवहीतला साठा एकदा जुळेनासा झाला की लोकांचा विश्वास परत मिळवणं फार कठीण जातं.

उंचीचं मात्र भय बाळगू नये. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथं ऑक्सिजन कमी पडत नाही. त्रास होतो तो ओलीचा. दोन-तीन पावसाळे मुलांची सर्दी-घरघर जास्त राहते, नंतर बहुतेकांची कमी होते. घाटात गाडी लागते ती वेगळी गोष्ट. मुलाला निघण्याआधी दूध न देता कोरडी भाकरी किंवा बिस्कीट द्यावं आणि समोर रस्ता दिसेल असं बसवावं.

शाळेसाठी धावपळ लागत नाही. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला वयाची सहा वर्षं पूर्ण हवीत. मोठ्या इयत्तेत असेल तर आधीच्या शाळेचा दाखला आणि ऑनलाइन नोंद पुढं पाठवल्याची खात्री करावी, पण कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच वर्ग एकत्र बसवून शिकवतात. आमचं मत असं की चौथीपर्यंत हे वाईट नाही. शिक्षक प्रत्येक मुलाला नावानं ओळखतात. पाचवीनंतरचा विचार आजच करून ठेवावा, कारण तेव्हा बदली हवी असेल तर दोन वर्षं आधी हालचाल लागते. ओढ्यावरच्या साकवावरून शाळेला जावं लागत असेल तर पावसात मूल एकटं जाणार नाही, एवढं निश्चित ठरवावं. तान्ह्याचं माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर आणावं, नाहीतर झालेल्या लसींची नोंद पुन्हा शोधत बसावं लागतं.

हलायला योग्य काळ म्हणजे होळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत. मेच्या सुट्टीत शनिवार-रविवारी महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर तासन् तास गाड्या अडकतात, सामानाची पिकअप मंगळवारी किंवा बुधवारी पहाटे काढावी. आदेश जूननंतर आला तर एकानंच बॅग घेऊन रुजू व्हावं आणि मुलांना दसऱ्यानंतर आणावं. तीन महिने वेगळं राहणं जड जातं, हे आम्हाला माहीत आहे. पण पहिल्याच पावसात अनोळखी घरात, अनोळखी माणसांत तान्हं बाळ घेऊन उतरलेल्या दोन कुटुंबांना सहा महिन्यांत परत जाताना आम्ही पाहिलं. दोन्ही घरची माणसं कामाला चोख होती आणि त्यांच्या उपकेंद्रांना त्यांची फार गरज होती.

क्वार्टर किंवा घर सोडायची वेळ आली की आढ्याच्या दोऱ्या, आडोशाचे बांबू आणि पाण्याच्या पिंपाची झाकणं काढून नेऊ नयेत. दाराच्या आतल्या बाजूला लावलेला कागदही राहू द्यावा: चालक, वायरमन, लाँचवाला, दूधवाली, मावशी यांचे नंबर, कुठल्या खिडकीत रेंज येते ते, आणि श्वासाचे तीन आकडे. आम्ही आलो तेव्हा आमच्या दारावर असा एक कागद होता, कडा बुरशीनं काळ्या झालेल्या. तिसऱ्याच रात्री बाळाला ताप आला तेव्हा त्यावरचा मावशींचा नंबर आम्ही लावला.